मुलाचे पहिले खाते

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गुजरातच्या सीमेकडे, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल हे बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या डोंगरांतील पाड्यांवरून कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांतील माणसे येथे बाजारास उतरतात. मीठमिरची, कापडचोपड, बी-बियाणे यांच्या खरेदीबरोबरच आता पासबुक भरून घेणे हेही बाजाराच्या दिवसाचे एक काम झाले आहे. आणि त्या पासबुकांत मुलांच्या नावांचीही पासबुके असतात. शहरातील घरी मुलाचे पहिले खाते ही पुष्कळदा हौसेची बाब असते. चित्र छापलेले कार्ड, त्यावर मुलाचे नाव आणि खाऊचे थोडे पैसे, एवढ्यावर तिचे कौतुक पुरते. हरसूलच्या बाजूस त्याच खात्यावर वह्यापुस्तकांचे आणि कपड्यांचे पैसे यावयाचे असतात. खाते चुकीचे निवडले तर शहरात थोडी गैरसोय होईल; येथे मुलाच्या हक्काची रक्कम अडून राहील. म्हणून पहिले खाते कसे निवडावे हा प्रश्न हरसूलकडून पाहिला असता अधिक स्पष्ट दिसतो, आणि तेथे जे उत्तर मिळते ते शहरातील कुटुंबासही तितकेच उपयोगी पडते.

मुलांच्या व गरिबांच्या लहान ठेवी सांभाळण्याची कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील रुथवेल या खेड्यात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० साली एक बचतपेढी काढली. इतर पेढ्यांत दहा पौंडांखाली ठेव ठेवता येत नसे, त्या काळी येथे सहा पेन्सांवर खाते उघडता येई. बेल्जममधील गेंट शहरात कायद्याचे प्राध्यापक फ्रांस्वा लोराँ यांनी १८६६ साली शाळांतून मुलांच्या बचतीचा उपक्रम सुरू केला. भारतात टपालखात्याची बचत बँक १८८२ साली निघाली. पुढे महाराष्ट्रातील अनेक शाळांत ‘संचयिका’ चालत असे. तीत मुलांनी आणे-पैसे जमा करावयाचे आणि हिशेबही मुलांनीच ठेवावयाचा, अशी रीत होती. या सर्व प्रयत्नांचा हेतू मुलास काटकसरीचे वळण लावण्याचा होता. पैसा घरून येई आणि मूल तो ठेवण्यास शिके.

आता स्थिती पालटली आहे. महाराष्ट्र राज्यास २०१० साली पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने राज्याच्या आदिवासी विकास विभागाने पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुवर्ण महोत्सवी शिष्यवृत्ती सुरू केली. तिची रक्कम इयत्तेप्रमाणे दरसाल १,००० ते २,००० रुपये ठरविण्यात आली होती. २०१६ च्या अखेरीस शासकीय आश्रमशाळांतील मुलांना गणवेश, तेल, साबण यांसारख्या वस्तू देण्याऐवजी त्यांची किंमत खात्यात भरण्याचे धोरण आले. पुढे त्यात फेरफारही झाले. पण एक गोष्ट कायम राहिली. मुलास मिळावयाचा सरकारी पैसा आता मास्तरांच्या हातून येत नाही, तो बँकेतून येतो. म्हणजे दहा-बारा वर्षांचे मूल हे प्रथम पैशाचे मालक होते आणि मग बचतीचा धडा शिकते. या मालकीचे रक्षण ज्या खात्याने होईल ते खाते चांगले, ही पहिली कसोटी समजावी.

कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘अज्ञान’ होय. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरविले, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक होय असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला. म्हणूनच बँक मुलास कर्ज देत नाही, आणि त्याचे खाते उणे बाजूस जाता कामा नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सातबाराच्या उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता या शब्दांचा तो संक्षेप. जमिनीचे जे तत्त्व तेच खात्याचे. पालक सही करतो म्हणून पैसा पालकाचा होत नाही. तो मुलाच्या वतीने व मुलाच्या हितासाठी सांभाळावयाचा असतो. घरात अडचण आली की मुलाच्या खात्यातून उचल करावी आणि पुढे पाहू म्हणावे, ही सवय शहरात काय किंवा पाड्यावर काय, सारखीच सोडण्यासारखी आहे.

पालनकर्ता म्हणजे बापच असला पाहिजे, असा समज अजूनही दिसतो. तो खरा नाही. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले आणि पालक म्हणून स्वतः सही केली. पित्याची सही आणावी अथवा पालकत्वाचा दाखला आणावा, असे उत्तर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५६ च्या हिंदू अज्ञानता व पालकत्व कायद्यात ‘पित्यानंतर माता’ असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘पिता मेल्यानंतर’ असा न घेता ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, असे न्यायालयाने १७ फेब्रुवारी १९९९ रोजी ठरविले. बँकखात्यांपुरती तर आईस पालक मानण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच दिलेली होती. तेव्हा ज्या घरी बाप बाहेरगावी असतो त्या घरी खात्यावर आईचे नाव पालक म्हणून घालावे. त्यात कसलीही अडचण नाही.

आता खात्याच्या दोन जाती पाहू. पहिलीत मूल कोणत्याही वयाचे चालते, पण व्यवहार पालकाच्या सहीने होतो. दुसरीत मूल निदान दहा वर्षांचे असावे लागते, आणि खाते त्याच्याच सहीने चालते. ही दुसरी सवलत रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये सर्व बँकांसाठी स्पष्ट केली, आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने तिची फेरमांडणी करून १ जुलै २०२५ पर्यंत बँकांनी आपापले नियम त्यास जुळवून घ्यावेत असे सांगितले. किती रकमेपर्यंत असे खाते चालवू द्यावे, आणि त्यावर कार्ड, चेकबुक किंवा मोबाइलवरील व्यवहार द्यावेत की नाही, हे प्रत्येक बँकेने ठरवावयाचे आहे. स्टेट बँकेत या दोन जातींना ‘पहला कदम’ आणि ‘पहली उडान’ अशी नावे आहेत. इतर बँकांत नावे निराळी, रचना साधारण हीच.

यांतील कोणती जात निवडावी हे घराच्या राहणीवर अवलंबून आहे. हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूची पुष्कळ कुटुंबे भातकापणी उरकली की द्राक्षबागांच्या किंवा वीटभट्ट्यांच्या कामास नाशिक, दिंडोरी, निफाडकडे जातात. मूल आश्रमशाळेत किंवा आजीजवळ राहते. अशा वेळी खाते जर बापाच्या सहीचे असेल, तर शिष्यवृत्ती जमा होऊनही तो परत येईपर्यंत ती मुलाच्या उपयोगी पडत नाही. आजी घरात आहे, पण खात्यावर तिचे नाव नाही. मास्तर जवळ आहेत, पण त्यांना अधिकार नाही. या कुटुंबास दहा वर्षे पूर्ण होताच मुलाच्या स्वतःच्या सहीचे खाते हेच योग्य होय. त्यासाठी मुलाची सही दर वेळी सारखी यावयास हवी. फॉर्म भरण्यापूर्वी महिनाभर वहीच्या शेवटच्या पानावर रोज पाच सह्या गिरवून घ्याव्यात. सही न जुळल्याने मूल काउंटरवरून रिकाम्या हाताने परतणे, हा त्याच्या बँकव्यवहाराचा पहिला अनुभव ठरू नये. उलट ज्या घरी आईबाप जवळ आहेत आणि मूल सहा-सात वर्षांचे आहे, तेथे पालकाच्या सहीचे खाते काढून दहाव्या वर्षी पालटून घ्यावे.

यापुढचा प्रश्न, खाते कोठे काढावे? सामान्यतः व्याजाचा दर प्रथम विचारला जातो. स्टेट बँकेचा बचतखात्याचा दर जून २०२५ मध्ये अडीच टक्के झाला. टपालखात्याच्या बचतखात्यावर चार टक्के मिळतात. १,००० रुपये वर्षभर ठेवले तर एकीकडे २५ रुपये, दुसरीकडे ४० रुपये. हा पंधरा रुपयांचा फरक दूरच्या शाखेची एक जादा फेरी पडली की जीपभाड्यात संपून जातो. शिवाय टपालखात्यात ५०० रुपये कायम शिल्लक ठेवावे लागतात. ज्या मुलाची सारी शिष्यवृत्ती १,००० रुपयांची, त्याचे निम्मे पैसे तेथेच अडकणार. यास्तव लहान रकमेच्या खात्यास किमान शिल्लकेची अट नसणे हे दराहून महत्त्वाचे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाते असे बिनशिलकीचे आहे, ते दहा वर्षांवरील मुलास काढता येते, आणि त्यावर रुपे कार्ड मिळते. अशा मूलभूत खात्यातून महिन्यास किमान चार वेळा पैसे काढणे फुकट असते. मात्र ज्या बँकेत हे खाते आहे त्याच बँकेत दुसरे बचतखाते ठेवता येत नाही.

दर आणि शिल्लक यांच्याही आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे पैसे हातात पडण्याची वाट. शाखा किती दूर, पावसाळ्यात रस्ता चालू असतो का, पाड्याजवळ बँकमित्र बसतो का, पोस्टमन यंत्र घेऊन येतो का, हे विचारून घ्यावे. बँकमित्राकडे आधारक्रमांक आणि बोटाचा ठसा यांवर पैसे मिळतात. पण पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये ठसे घेतलेलेच नसतात, आणि ते पाचव्या व पुन्हा पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. ते दिले नसतील तर वाढत्या मुलाचे बोट यंत्र ओळखीत नाही. बोट ठेवण्यापूर्वी पडद्यावरची रक्कम वाचावी आणि नंतर छापील पावती घ्यावी. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा ठेव’ असे कोणी म्हटल्यास आधीचा व्यवहार झाला नाही याची खात्री करून मगच दुसऱ्यांदा बोट द्यावे.

पैशाच्या सुरक्षिततेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. बँक बुडाली तर ठेवीदारास विम्यातून काही रक्कम मिळते. हा विमा १९६२ साली सुरू झाला तेव्हा मर्यादा १,५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारास ५ लाख रुपये झाली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदारांस प्रथम अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. त्या प्रसंगाने विम्याचे महत्त्व घरोघर कळले. २०२१ च्या दुरुस्तीने असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत द्यावी असे ठरले. हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. गावोगावच्या पतसंस्थांत ओळखीने मुलांच्या नावे पैसे ठेवले जातात. तेथील संचालक कितीही सज्जन असोत, हे कवच तेथे लागू होत नाही.

शिष्यवृत्ती न मिळण्याचे एक कारण पुष्कळांस ठाऊक नसते. आधारवर आधारलेला सरकारी पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खातेक्रमांकावर जातोच असे नाही. ज्या बँकेशी आधारक्रमांक सर्वांत शेवटी जोडला गेला, तिच्याकडे तो जातो. मुलाचे एक खाते शाळेने काढविले, दुसरे एखाद्या मेळाव्यात काढले गेले, आणि आधार दुसऱ्यास जोडले गेले, तर पैसा विसरलेल्या खात्यात साचतो आणि पाड्यावर ‘आला नाही’ अशी तक्रार होते. म्हणून मुलाचे खाते एकच असावे, आणि आधार कोणत्या बँकेस जोडले आहे याची चौकशी दरवर्षी शाळा सुरू होताना करावी. तसेच शाळेचा दाखला, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे असावे. जन्मतारखेचेही तसेच. नक्की तारीख ठाऊक नसल्याने शाळेच्या रजिस्टरात १ जून लिहिलेली मुले महाराष्ट्रात थोडी नाहीत. ती तारीख आधारवर निराळी पडली, तर दहावे आणि अठरावे वर्ष कोणते धरावयाचे येथपासून घोळ सुरू होतो.

आता कार्डाविषयी. पासबुक आधी आणि कार्ड मागून, हा क्रम उत्तम. मुलाने निदान दोन-तीन वेळा स्वतः स्लिप भरून पैसे भरावे व काढावे, पासबुकातील जमा व नावे या रकाने वाचावे, म्हणजे पैसा यंत्रातून येत नाही, आपल्याच शिलकेतून येतो, हे त्यास उमजते. मग कार्ड द्यावे. डेबिट कार्डात उसनवारी नाही. शिल्लक असेल तेवढेच निघते, आणि म्हणूनच ते मुलाच्या हाती देण्याजोगे आहे. तरीही मर्यादा लहान असावी. स्टेट बँकेच्या वर सांगितलेल्या खात्यांच्या कार्डास ५,००० रुपयांची मर्यादा आहे. पालकांनी बँकेस सांगून याहूनही खाली आणणे चांगले. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशाप्रमाणे नवे कार्ड फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रे यांपुरते चालू असते. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार आणि कार्ड नुसते टेकवून पैसे देणे हे मागितल्याविना सुरू होत नाही. मुलाच्या कार्डावर ते मागूच नये. टेकवून देण्याच्या पद्धतीत ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. हरवलेले कार्ड दुसऱ्याच्या हाती पडल्यास त्याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

पिनविषयी पालकांची एक अडचण असते. मुलावर लक्ष तर ठेवावयाचे, मग पिन आपणास ठाऊक नको का? याचे उत्तर नको असे आहे. पिन कोणासही सांगू नये हा नियम बापापासूनच मोडला, तर फोनवरून ‘बँकेचा साहेब’ बनून बोलणाऱ्यास तो सांगू नये हे मुलास कसे पटावे? लक्ष ठेवण्यास पासबुक आणि मोबाइलवर येणारा संदेश पुरेसा आहे. त्यासाठी खात्यास जोडलेला मोबाइल क्रमांक घरातील, कायम चालू राहणारा असावा. कामास गेलेल्या, रिचार्ज संपलेल्या फोनचा नसावा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या दंडकाप्रमाणे, खातेदाराची वा बँकेची चूक नसता बाहेरच्या कोणी पैसे लांबविले आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर खातेदारावर तोटा पडत नाही. पण पिन स्वतः सांगितला असेल, तर कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचेच. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित फोन करावा. हा आकडा मुलास पाढ्यासारखा पाठ असावा.

बचतीच्या इतर योजना या खात्याच्या जागी धरू नयेत. २०१५ साली निघालेली सुकन्या समृद्धी योजना दहा वर्षांखालील मुलीसाठी आहे आणि लांब मुदतीस चांगली आहे. पण तीत वहीस लागणारे पन्नास रुपये काढता येत नाहीत. मोबाइलवरील आगाऊ भरलेली कार्डे पाकिटासारखी आहेत, त्यांवर व्याज मिळत नाही. शहरातील पालकांनी एवढेही जाणावे की मोठी ठेव मुलाच्या नावे ठेवल्याने आयकर वाचत नाही. तिचे व्याज सामान्यतः आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्याच उत्पन्नात मिळविले जाते.

अखेरीस अठरावे वर्ष. मूल सज्ञान होताच बँक नवी सही आणि नवी कागदपत्रे मागते, आणि पालकाने चालविलेल्या खात्यात शिल्लकही कबूल करून घेते. हे वेळेवर न केल्यास खात्यावरील व्यवहार थांबू शकतात, आणि ते नेमके बारावीनंतरच्या प्रवेशाच्या धांदलीत. तसेच दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय धरले जाते. शिष्यवृत्तीसारख्या सरकारी लाभासाठी काढलेल्या बिनशिलकीच्या खात्यांस १ एप्रिल २०२४ पासून यातून सूट आहे, तरी तिच्यावर विसंबून राहू नये. वर्षातून दोनदा तरी मुलाने शंभर-पन्नास रुपये स्वतः भरावेत व काढावेत. खाते जागते राहते आणि हातही वळतो.

सारांश, जवळचा काउंटर, किमान शिल्लक नाही, विमा आहे, नाव व तारीख जुळलेली, आधार त्याच खात्यास जोडलेले, सही ज्याची सोय त्याची, आणि कार्ड लहान मर्यादेचे. ही यादी घेऊन पालकांनी बँकेत जावे. दहा वर्षांच्या मुलास बरोबर न्यावे आणि प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. काउंटर उंच असेल तर त्यास उचलून धरावे, पण स्लिप त्याच्याकडूनच भरून घ्यावी. हरसूलच्या बाजारातील मुलगी असो वा नाशिकच्या कॉलेज रोडवरील मुलगा, त्या कागदावर त्याच्या हातची सही पडली की पैसा कोणाचा हे घरातील सर्वांनाच कळते.